मुलीला पुण्याजवळच्या खाजगी विद्यापीठात पाठवायचंय, आतलं वातावरण कसं असतं?

विजापूररोडकर
नमस्कार सोलापूरकर मंडळी. जरा अर्जंट आहे. लेकीचा पाच वर्षांच्या लॉसाठी पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात नंबर लागलाय, त्यांचीच एंट्रन्स, त्यांचीच लिस्ट. शुक्रवारपर्यंत ५० हजार टोकन भरायचे. नाव मुद्दाम देत नाही, कुणी ओळखलं तरी टाकू नका.
रविवारी बघून आलो. काचेच्या बिल्डिंगी, लिफ्ट, कॅफे, गेटवर तीन सिक्युरिटीवाले, आमच्या गाडीची डिकी पण उघडून बघितली त्यांनी. मुलींच्या हॉस्टेलला बोटाचा ठसा, जिन्यात कॅमेरे, रात्री साडेनऊला गेट बंद आणि पोरगी आत नसेल तर आईबापाला मेसेज. आमची ही म्हणाली चला एक काळजी मिटली. ॲडमिशनच्या टेबलवरची मॅडम तीनदा म्हणाली "आपल्याकडे झिरो पॉलिटिक्स सर, एकदम शांत कॅम्पस." मला पण बरं वाटलं होतं.
पण निघताना मेसच्या मागं पाणी प्यायला थांबलो तर तिथल्या भांडीवाल्या मावशी अक्कलकोटकडच्या निघाल्या, हिनं कानडीत बोलायला सुरवात केली आणि दोघी रंगल्याच. सहज विचारलं पोरींना कसंय इथं. म्हणाल्या चांगलंय, पण मागच्या साली एक पोर मधीच सामान घेऊन गेली, काय झालं कुणी बोलत नाही.
गाडीत टेंभुर्णीपर्यंत कुणीच काही बोललं नाही. तर ज्यांची मुलं अशा ठिकाणी शिकलीत त्यांनी सांगा, शांत आहे म्हणजे नेमकं काय आहे?

गड्डा_यात्री
काका, झिरो पॉलिटिक्स असेल तर डोळे झाकून घाला. टीव्हीवर बघता ना दिल्लीत काय चालतं. पोरं शिकायला जातात का घोषणा द्यायला? भांडीवाल्या मावशी काय, त्यांना कुठलं खरं माहीत असतं. फी भरा, मोकळे व्हा.

शेंगाचटणी
भांडीवाल्या मावशींनाच सगळं माहीत असतं दादा. चार वर्षं हॉस्टेल-पीजीत काढलीत, हे नाव पण तिथंच पडलं, दर सुट्टीनंतर दोन किलो चटणी घेऊन जायचे म्हणून.
काका, मी असल्याच एका कॅम्पसमधनं दोन वर्षांपूर्वी पास आउट झाले, तुमचंच असेल असं नाही. गेटच्या आत भीती अशी कधी वाटली नाही, रात्री लायब्ररीतनं एकटी यायचे. भीती वाटायची ती गेटच्या बाहेर. थर्ड इयरला हॉस्टेल सीनियरना देत नाहीत, मग हायवेच्या पलीकडं पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची खोली बघायची, मधे दिवा नाही, फुटपाथ नाही, डंपर चाललेले, आणि आठनंतर शेअर रिक्षावाला म्हणेल तो रेट. विद्यापीठ म्हणतं गेटबाहेरचं आम्ही बघत नाही, पोलीस म्हणतात हा रस्ता आमच्या हद्दीत येत नाही पलीकडच्या चौकीला जा. ब्रोशरमधल्या कॅमेऱ्यांच्या फोटोवर जाऊ नका, पीजीचा रस्ता रात्री नऊला स्वतः चालून बघा.
आणि साडेनऊच्या गेटचं सांगते. माझी रूममेट ट्रॅफिकमुळं पंचवीस मिनिटं उशिरा आली तर रेक्टर मॅडमनी आत घ्यायच्या आधी तिच्या वडलांना फोन लावला, "तुमची मुलगी कुठं होती विचारा तिला." पुढच्या वेळी उशीर झाला तेव्हा ती सरळ कुणातरी ओळखीच्या फ्लॅटवर राहिली, कारण परत येऊन तो फोन ऐकण्यापेक्षा ते बरं वाटलं तिला. आता ह्यात सेफ काय झालं तुम्हीच सांगा.
मोबाईलवर त्रास देणारा मुलगा आमच्याच वर्गात होता. मेसेज, खोटी अकाउंटं, सगळं. तीन मुलींना माहीत होतं, तक्रार एकीनं पण केली नाही. कारण तक्रार केली की पहिला फोन घरी जातो आणि घरचे म्हणतात बास झालं शिक्षण, ये परत. तिथल्या लोकांना पण हे पक्कं माहीत असतं.

जुना_पार्क
आमच्या वेळी दयानंद कॉलेजला निवडणुका असायच्या. मारामाऱ्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू, सायकलच्या चेना निघायच्या, एकदा माझं पण डोकं फुटलंय आणि ते मी घरी क्रिकेटमध्ये लागलं म्हणून सांगितलं. मुंबईत १९८९ ला निवडणुकीच्या वादातनं एका विद्यार्थ्याचा खून झाला, मग पुढं १९९४ चा विद्यापीठ कायदा आला आणि थेट निवडणुका गेल्या, मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले. २०१६ च्या कायद्यात कागदावर परत आल्या. पण एक होतं, वर्गात कुणी कुणाला त्रास दिला तर सीआर, म्हणजे वर्गाचा निवडून आलेला प्रतिनिधी, प्राचार्यांच्या केबिनमध्ये बूट न काढता घुसायचा, कारण त्याला मतं लागायची.
आणि आपल्या केगावच्या सोलापूर विद्यापीठाचं आठवा. २००४ ला सुरू झालं, त्याआधी आपली डिग्री कोल्हापूरची. मग नावावरनं किती वर्षं चाललं, इकडं अहिल्यादेवींसाठी मोर्चा, तिकडं सिद्धेश्वरांसाठी मोर्चा, २०१९ ला शेवटी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर झालं. मराठवाडा विद्यापीठाला तर १९७८ ते १९९४ सोळा वर्षं लागली, घरं जळाली, माणसं मेली. वाईट दिवस होते. पण खाजगी विद्यापीठाच्या नावावर कधी मोर्चा निघालेला बघितलाय का? नाव मालकाच्या वडलांचं असतं, संपला विषय.

गड्डा_यात्री
म्हणजे काका तुम्हाला परत चेना पाहिजेत का कॅम्पसवर 😀

जुना_पार्क
चेन नको रे बाबा. बूट न काढता घुसणारा एक पोरगा पाहिजे.

कंत्राटी_मास्तर
ह्या धाग्यावर लिहू का नको असा दोन दिवस विचार केला. मी अशाच एका खाजगी विद्यापीठात शिकवतो, ११ महिन्यांचा करार, दर जूनला नवीन सही. मूळ गाव बार्शी.
झिरो पॉलिटिक्स हे विद्यार्थ्यांसाठी असतं. मालकांसाठी नसतं. गेल्या इलेक्शनला आमच्याकडं "युवा संवाद" झाला, स्टेजवर कोण होतं सांगत नाही, पण हजेरी स्कॅनरवर घेतली आणि सेकंड इयरच्या चार बसेस भरून नेल्या. मुलांना वाटलं लेक्चर बुडालं, मजा. नेत्याच्या वाढदिवसाचं होर्डिंग मेन गेटवर आठवडाभर, आणि त्याच महिन्यात मुलांनी मेसच्या जेवणात अळ्या निघाल्या म्हणून कागदावर हातानं लिहून पोस्टर लावलं तर ते "राजकीय कृत्य" म्हणून दोघांना शिस्तपालन समितीची नोटीस. ती नोटीस मीच टाईप करून दिलीय, लाज वाटते सांगायला.
दरवर्षी २६ नोव्हेंबरला संविधान दिन जोरात. उद्देशिकेचं वाचन, ड्रोननं फोटो. दोन वर्षांपूर्वी लॉच्या मुलांनी म्हणलं त्याच दिवशी आंदोलनाच्या अधिकारावर चर्चा ठेवू, दोन्ही बाजूचे वक्ते बोलवू. आदल्या रात्री हॉल "मेंटेनन्स"ला गेला.
आणि आम्ही शिक्षक तर बोलतच नाही. प्रताप भानू मेहतांसारखा राज्यशास्त्राचा मोठा अभ्यासक २०२१ मध्ये अशोका या खाजगी विद्यापीठातनं बाहेर पडला, माझी संस्थेशी बांधिलकी ही राजकीय ओझं झालीय अशा अर्थाचं राजीनाम्यात लिहून. ते निदान बातमीत आले. माझा करार रिन्यू झाला नाही तर बार्शीत पण बातमी होणार नाही.

अव्वाची_लेक
माझी आई विडी वळायची, कुंभारीच्या घरकुलात वाढले मी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपवर पुण्याकडं डिझाईनला गेले, खाजगीच.
सेफ्टी म्हणलं की सगळे मुलगा-मुलगी एवढंच बोलतात. माझा पहिला महिना कसा गेला सांगते. फोनवर मैत्रिणीला मराठीतनं म्हणलं "मी उद्या येऊलाले", ते शेजारच्या पोरीनं ऐकलं, आठवडाभर मला सगळे "येऊलाले" म्हणून हाक मारायचे. मग आडनाव विचारायचं, आडनावातनं काही कळलं नाही की "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" स्कॉलरशिपचं कळलं की "आमच्या फीतनं शिकतेस ना तू." वाढदिवसाला प्रत्येकी १५०० काढायचे, नाही दिले की ग्रुपमधनं हळूच बाहेर. रॅगिंग म्हणावं असं ह्यात काहीच नाही, कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. तक्रारीत लिहू तरी काय? "मला येऊलाले म्हणतात"?
सरकारनं ८ जुलै २०२४ ला मुलींची फी माफ केली तेव्हा आमच्या घरकुलात पेढे वाटले, ८ लाखांच्या आतलं उत्पन्न, ट्यूशन फी पूर्ण माफ. माझी धाकटी बहीण जीआर घेऊन आली आणि मी तिला कंस वाचून दाखवला, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे आमच्यासारख्या तिथं दोनचारच असणार आणि दोनचार जणींना कुणी पण येऊलाले म्हणू शकतं. वर्गात वीस जणी असत्या तर कोण म्हणालं असतं?
बहिणीला मी इथंच घातलं, वालचंदला.

गड्डा_यात्री
ताई वाईट वाटलं वाचून. आमच्यात पण येऊलालो करूलालो चालतंय, पुण्यात दोन दिवसात जीभ वळवायला लागते राव.

नई_जिंदगीवाला
माझ्या बहिणीचं सांगतो, थोडक्यात, कारण तिला आवडणार नाही. ॲलॉटमेंटला रूम मिळाली, संध्याकाळी रूममेटचे आईवडील ऑफिसात, रात्री बहिणीला "ॲडजस्टमेंट"साठी दुसरी रूम. कारण कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. भारत-पाकिस्तान मॅच असली की ती क्लासचा ग्रुप म्यूट करून झोपते. अभ्यासात टॉपला आहे, मैत्रिणी पण चांगल्यात, ईदला चौघी सोलापूरला आलेल्या, शीरखुर्मा खाऊन गेल्या. पण ॲडमिशनच्या वेळी एक फॉर्म सही करून घेतलाय, संस्थेच्या प्रतिमेला बाधा येईल असं सोशल मीडियावर काही टाकणार नाही. हा फॉर्म सगळ्यांकडनंच घेतात. पण आमच्या घरी अब्बांनी तो चारदा वाचून काढला आणि तिला म्हणाले, बेटा फोटो पण टाकू नको.
गंमत म्हणजे पोरगी जाते हुतात्मा एक्सप्रेसनं. कुठले हुतात्मे विचारलं तर तिच्या वर्गात एकाला माहीत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, एकाच दिवशी येरवड्यात फाशी. त्यांना कुणी रूम बदलून दिली नाही.

जुना_पार्क
🙏

ॲड_सातरस्ता
विजापूररोडकर साहेब, आता कामाचं बोलू.
पहिलं टोकनचं. "नॉन रिफंडेबल" लिहिलं असेल तरी घाबरू नका. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, ऑक्टोबर २०१८ चं नोटिफिकेशन आहे, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत, प्रोसेसिंगचे ५ टक्के पण जास्तीत जास्त ५ हजार कापून. १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८०, मग महिन्यापर्यंत ५०, पुढं शून्य. ओरिजनल सर्टिफिकेटं ठेवून घेता येत नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची. लोक इथंच अडकतात, मूळ टीसी-मार्कशीट त्यांच्याकडं असते म्हणून गप्प बसतात.
दुसरं, जुना पार्क म्हणाले तो २०१६ चा कायदा सार्वजनिक विद्यापीठांचा, खाजगीला लागत नाही. त्यामुळं तिथली विद्यार्थी परिषद म्हणजे बहुतेक वेळा फेस्टची टीशर्टं वाटणारी मंडळी. पण हे वाचून तिथं कायदाच नाही असं समजू नका. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे, तो सगळ्या शैक्षणिक संस्थांना लागतो. लेखी तक्रार आली की प्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, दोषीला काढून टाकायचं आणि ५ वर्षं कुठंच प्रवेश नाही. आणि प्रमुखानं तक्रार दाबली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरतात. हे शेवटचं वाक्य प्राचार्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचं, माझ्या अनुभवात एसी असून घाम येतो. यूजीसीची हेल्पलाईन पण आहे, १८००-१८०-५५२२.
लैंगिक छळाची अंतर्गत तक्रार समिती. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणं प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर त्यात तीन विद्यार्थी पाहिजेत, तेही निवडून आलेले. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. घरी फोन लावायचाच असं कुठं पण लिहिलेलं नाही, मुलगी १८ ची झाली की तिची तक्रार तिची, शेंगाचटणी ताईंनी सांगितलं ते नियमात बसत नाही, ते धाकात बसतं. आणि २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठाला लोकपाल नेमायचा आहे, निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश. आधी तक्रार निवारण समिती, तिथं नाही पटलं तर लोकपाल.
तुम्ही जाऊन एकच करा. अंतर्गत समितीतल्या विद्यार्थ्यांची नावं विचारा आणि त्यातल्या एकाला भेटवा म्हणा. बाकी ब्रोशर मला पण छान छापता येतं.

शेंगाचटणी
वकीलसाहेब, आमच्या समितीत कोण विद्यार्थी होते मला पास आउट होईपर्यंत कळलं नाही. आत्ता तुमचं वाचून कळलं की असायला पाहिजे होते.

गड्डा_यात्री
एक प्रामाणिक शंका. मुलांनी आवाज उठवला तर त्यांचंच नुकसान होत नाही का? प्लेसमेंट, अटेंडन्स, सगळं त्यांच्या हातात.

ॲड_सातरस्ता
होतं. म्हणून तर एकट्यानं उठवायचा नसतो. सप्टेंबर २०२२, मोहालीजवळच्या खाजगी विद्यापीठात हॉस्टेलच्या मुलींचे व्हिडिओ काढल्याची गोष्ट फुटली तेव्हा पोरं-पोरी रात्री बाहेर येऊन बसली, मग अटक झाली, वॉर्डनवर कारवाई झाली. आणि उलटं पण आहे, फेब्रुवारी २०२५, भुवनेश्वर, नेपाळच्या विद्यार्थिनीचा हॉस्टेलमध्ये मृत्यू झाला, तिच्या देशाची मुलं न्याय मागायला बसली तर त्यांनाच हॉस्टेल खाली करायला लावून स्टेशनवर नेऊन सोडलं. नेपाळ सरकार मधे पडलं तेव्हा परत बोलावणं आलं.

अव्वाची_लेक
कुंभारीच्या पोरीसाठी कुठलं सरकार मधे पडणार.

कंत्राटी_मास्तर
साहेब, एक गोष्ट जोडतो. मुलं एकटी पडतात तेव्हा शेवटी समुपदेशकाकडं येतात, आमच्याकडं ५ हजार मुलांना एक समुपदेशक, तीही मंगळवार-गुरुवार. आणि तिचं टेबल डीनच्या केबिनच्या काचेसमोर. कोण जाणार? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो, पुसला की परत लिहितो. तेवढं करता येतं मला.

विजापूररोडकर
सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, काल परत जाऊन आलो. या वेळी ही आणि लेक दोघी, सकाळची हुतात्मा पकडून.
वकीलसाहेब, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. आधी म्हणाले वेबसाईटवर आहे. वेबसाईटवर पीडीएफ उघडेना. मग ऑफिसबाहेर काचेच्या पेटीत बोर्ड दाखवला, समितीची सात नावं, त्यातल्या दोघी नोकरी सोडून गेलेल्या, मोबाईल लावला तर "सदर क्रमांक अस्तित्वात नाही". विद्यार्थी प्रतिनिधीच्या पुढं मोकळी जागा. मॅडम म्हणाल्या सर आमच्याकडं आजपर्यंत एक पण तक्रार आलेली नाही. मी काही बोलायच्या आधी लेकच म्हणाली, "मग मागच्या वर्षी जी मधेच गेली ती का गेली?" मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "पर्सनल रीझन."
मी म्हणलं हे सगळं मेलवर लिहून द्या. लिहून देतो म्हणाले, पण टोकनची तारीख वाढणार नाही.
परत निघालो तर लेकीनं पार्किंगमध्ये आमच्याशी कडाक्याचं भांडण काढलं. मला वाटलं म्हणेल नको इथं. तर म्हणते, "तुम्ही दोघं मला इथं नाही पाठवलं तर कुठं पाठवणार आहात जिथं हे नाही ते सांगा." माझ्याकडं उत्तर नव्हतं. दयानंद लॉचं नाव काढलं, ती म्हणाली तिथला बोर्ड बघून आलात का? नव्हतो आलो.
भरले ५० हजार. रद्द करायच्या तारखा वकीलसाहेबांच्या हिशोबानं कॅलेंडरवर लाल पेननं लिहिल्यात, सर्टिफिकेटं एक पण दिली नाहीत, झेरॉक्स दिल्या. मेल आलेला नाही अजून, रोज सकाळी आठवण पाठवतोय. पीजीचा रस्ता रात्रीचा चालायचा राहिलाय, पुढच्या शनिवारी मुक्कामाला जाऊन चालणार.
अजून एक. ही परत मेसच्या मागं गेली होती, शेंगाची चटणी घेऊन. मावशींचा नंबर आणलाय. लेकीच्या फोनमध्ये रेक्टरच्या वर तो सेव्ह केलाय.

शेंगाचटणी
काकू हुशार आहेत. पोरीला कानडी येतं का?

विजापूररोडकर
समजतं सगळं. बोल म्हणलं की हसते. दोन महिने आहेत, आजीकडं मैंदर्गीला पाठवतोय.